डाग पानावर, कारण दुसरीकडे

(वनस्पतिशास्त्राच्या एका अध्यापकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या वार्षिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या तासाचा एक दंडक त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. रोगट पान टेबलावर आलं की लगेच कुणी रोगाचं नाव घ्यायचं नाही. आधी दिसतंय ते वहीत उतरवायचं. डाग कुठे आहे, केवढा आहे, त्याची कडा कशी आहे, तो वरच्या बाजूने दिसतो की खालच्या. नाव शेवटी. मी वनस्पती रोगशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली, आणि या दंडकाइतकं उपयोगाचं दुसरं काही मी विद्यार्थ्यांना दिलं नसेल. आज तोच दंडक घरच्या ऑर्किडांना लावून दाखवायचा आहे.

पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं, मुंबईत राणीच्या बागेत भरतं. तिथून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या हातात आता गुलाब-शेवंतीच्या जोडीला फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची कुंडी दिसते. फुलं दोन-तीन महिने टिकतात, घर खूश असतं. फुलं गळाली की नजर पहिल्यांदा पानांकडे जाते आणि तिथे डाग दिसतो. मग फोनवर फोटो येतो, खाली एकच ओळ: काय फवारू?

या प्रश्नाची मला मनापासून काळजी वाटते. त्यात रोग गृहीत धरलेला आहे आणि औषधही. घरच्या ऑर्किडांची जी दुखणी माझ्यापर्यंत येतात, त्यांतल्या बहुतेकांमागे बुरशी नसते, जिवाणू नसतो, कीडही नसते. ऊन असतं, पाणी असतं, कुजलेली मुळं असतात, कधी थंडी असते. अशा झाडावर बुरशीनाशक मारलं तर खरं कारण तसंच चालू राहतं. पंधरा दिवसांनी दुसरं औषध येतं, मग तिसरं. शेवटी झाड जातं आणि घरात समजूत होते की ऑर्किड आपल्याकडे जगतच नाही. ही समजूत चुकीची आहे, आणि ती निदान न केल्यामुळे झालेली आहे.

आधी हे पान कसलं आहे ते पाहू. जास्वंदीचं पान काही महिन्यांचा सोबती. फॅलेनॉप्सिसचं पान वर्षानुवर्षं टिकतं, आणि सबंध झाडाला पानं असतात चार, फार तर सहा. एक पान गेलं तर झाडाची मोठी कमाई बुडाली. पानाला झालेली इजा भरूनही येत नाही. मेलेला भाग सुकतो, थांबतो, आणि पान गळेपर्यंत तिथेच राहतो. 'औषध मारलं तरी डाग जात नाही' अशी तक्रार लोक करतात, पण डाग जायचाच नसतो. तो वाढतो की थांबतो, एवढंच पाहायचं असतं.

शिवाय हे पान उशिरा बोलतं. जाड आणि मांसल असल्यामुळे त्यात पाण्याचा साठा असतो, त्यावर ते बरेच दिवस काढतं. मुळं जुलैत कुजली तर पान सुरकुततं सप्टेंबरात. म्हणून डाग दिसल्यावर काल काय केलं हे आठवून फारसं हाती लागत नाही. गेल्या दोन महिन्यांत काय बदललं, ते आठवायचं. कुंडीची जागा बदलली का? पाण्याची वेळ, खत, कुंडीतलं भरण? गॅलरीसमोरचं झाड कुणी छाटलं का? समोरच्या इमारतीला नव्या काचा बसल्या का? हा शेवटचा प्रश्न मी आवर्जून विचारतो, कारण काचेवरून परतलेलं ऊनही पान भाजतं.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, कारण पुढचं बरंच तिच्यावर उभं आहे. फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, व्हँडा यांसारखी जाड पानांची ऑर्किडं पानावरची सूक्ष्म छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. ही मंडळी झाडांच्या फांद्यांवर राहणारी. त्यांना मातीतलं पाणी मिळत नाही, म्हणून दिवसाच्या उन्हात पाणी न गमावण्याची ही सोय. कार्बन डायऑक्साइड रात्री आत घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेड आला की वापरायचा. पण या सोयीची किंमत मोजावी लागते. आंब्याचं पान भर उन्हात बाष्प सोडून स्वतःला थंड ठेवतं. ऑर्किडच्या पानाला दुपारी ते जमत नाही. थेट ऊन पडलं की ते तापत जातं, भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. दुपारी पानाला हाताची पाठ लावून पाहा. ऊन ऊन लागलं तर जागा चुकली आहे.

उन्हाने भाजलेल्या पानाचा एक नमुना सांगतो. एका ताईंनी पश्चिमेच्या गॅलरीतलं फॅलेनॉप्सिस आणलं होतं. वरच्या पानावर, जिथे ते कमानीसारखं वळतं आणि सर्वांत उंच असतं, तिथेच रुपयाएवढा पांढुरका चट्टा होता. मधोमध कागदासारखा सुकलेला, कडेला बारीक तपकिरी रेघ. खालच्या पानावरही चट्टा होता, पण त्याची एक बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ होती. ती रेघ कसली, हे कुंडी तिच्या मूळ जागी ठेवल्यावर कळलं. वरच्या पानाची सावली बरोबर त्या रेघेपर्यंत येत होती. सावलीत होतं ते हिरवं राहिलं, उन्हात होतं ते भाजलं. बुरशीला सावलीची हद्द कळत नाही. तिथे निदान संपलं, आणि त्या झाडाला कुठल्याही औषधाची गरज उरली नाही. फक्त कुंडी दोन हात आत सरकवायची होती.

आपल्याकडे या भाजण्याचा एक हंगाम आहे, आणि तो एप्रिल-मे नव्हे. उन्हाळ्यात लोक सावध असतात, जाळी लावतात, कुंड्या आत घेतात. खरा धोका पावसाळा सरल्यावर येतो. जूनपासून ढगाळ, मऊ उजेडात जी नवी पानं आली, ती कोवळी आणि सावलीला सरावलेली असतात. सप्टेंबर अखेर ढग हटतात, ऑक्टोबरचं कडक ऊन एकदम उघडतं, आणि सूर्य दक्षिणेकडे कलायला लागलेला असतो. पावसाळ्यात ज्या दक्षिणेच्या कठड्यावर ऊन नव्हतं, तिथे ते तिरकं आत येतं. कुंडी हलवलेली नसते, पण जागा बदललेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पांढरे चट्टे घेऊन येणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, ते यामुळे.

उजेड मोजायला यंत्र लागत नाही. दुपारी पानाच्या वर हातभर अंतरावर पंजा धरा. सावलीच्या कडा धारदार पडल्या तर फॅलेनॉप्सिसला ते ऊन जास्त आहे. कडा धूसर असतील तर ठीक. भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, आणि फॅलेनॉप्सिसला दहा ते पंधरा हजार पुरतात. व्हँडाला त्याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून 'ऑर्किडला सावली लागते' हे सरसकट वाक्य मला पटत नाही. कोणत्या ऑर्किडला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आता समजा चट्टा उन्हाच्या बाजूला नाही. तो पानाच्या बुंध्याशी आहे, किंवा शेंड्यातल्या कोवळ्या पानावर आहे, आणि ओलसर दिसतो आहे. इथे मात्र घाई करावी लागते, आणि घाईतही आधी पाहणंच करायचं. साधं बॉलपेन घ्या आणि डागाच्या कडेने पानावर बारीक रेघ ओढा. शेजारी तारीख घाला. दुसऱ्या दिवशी डाग रेघेच्या आत असेल तर तुमच्याकडे वेळ आहे. रेघ ओलांडून बाहेर गेला असेल तर तो जिवंत आहे, खातो आहे. ही रेघ मी विद्यार्थ्यांकडून कितीतरी वेळा ओढून घेतली आहे. फोटोतला अंदाज फसवतो, रेघ फसवत नाही.

पसरणाऱ्या ओल्या डागांत दोन प्रकार पावसाळ्यात हमखास भेटतात. एक जिवाणूचा. फॅलेनॉप्सिसवर अ‍ॅसिडोव्होरॅक्स नावाचा जिवाणू पाण्याने भिजल्यासारखा ठिपका पाडतो. तो बघता बघता तपकिरी-काळा होतो, भोवती पिवळसर कडं धरतो, आणि दाबलं तर त्यातून पाणी येतं. त्याहून वाईट मऊ कुज. पूर्वी एर्विनिया म्हणायचे त्या गटातले जिवाणू दोन-तीन दिवसांत सबंध पान लिबलिबीत करून टाकतात. याची ओळख नाकाने होते. कुबट, सडल्याचा वास आला की शंका उरत नाही. दुसरा प्रकार काळ्या कुजीचा. पिथियम आणि फायटोप्थोरा हे त्याचे कर्ते. कॅटलियाच्या कंदाला बुडाशी काळा रंग धरतो आणि तो वर चढत जातो. कोकण-गोव्यातल्या सुपारीच्या बागायतदारांना यातली फायटोप्थोरा चांगली ठाऊक आहे, कारण सुपारीचा कोळेरोग तिच्याच जातभाईंचा. तिला पाऊस, चिंब हवा आणि न वाळणारं ओलं अंग हवं असतं. आपल्या गॅलरीत जुलैत हे तिन्ही मिळतं.

जिवाणूंच्या बाबतीत पुण्याने मोठं काम केलं आहे आणि ते विसरता कामा नये. पिकांच्या पानांवरचे ठिपके जिवाणूंमुळेही पडतात, हे आपल्याकडे पद्धतशीरपणे दाखवलं ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आंब्याच्या पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या जिवाणूचं वर्णन पटेल, मोनिझ आणि कुलकर्णी यांनी १९४८ मध्ये केलं. त्या काळात हाताशी होतं ते सूक्ष्मदर्शक, काचपट्टी आणि चिकाटी. ठिपक्याच्या कडेचा बारीक तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि कापलेल्या कडेतून जिवाणूंचा लोंढा धुरासारखा बाहेर पडतो का, ते पाहायचं. लोंढा दिसला म्हणजेही काम संपत नसे. तो जिवाणू वेगळा वाढवायचा, निरोगी पानावर टोचायचा, तिथे तसाच ठिपका पडला आणि त्यातून तोच जिवाणू परत मिळाला, तरच त्याला दोषी धरायचं. घरच्या माणसाने एवढं करायचं नाही, त्याला ते शक्यही नाही. पण आरोप करण्याआधी पुरावा मागण्याची ती वृत्ती घरातही हवी.

ओली कुज सापडली तर काय करायचं? झाड इतरांपासून लांब न्यायचं आणि पाणी बंद करायचं. धारदार पातं ज्योतीवर तापवायचं, गार झालं की डागाच्या पलीकडे बोटाच्या दोन पेरांएवढा निरोगी भाग धरून कापायचं, आणि दुसरा काप घेण्याआधी पातं पुन्हा तापवायचं. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली तर जखम सुकते. मुळांवर मात्र ती टाकू नका, मुळंही सुकतात. मग झाड पंख्याच्या वाऱ्यात ठेवायचं. पंखा हे ऑर्किडचं सर्वांत दुर्लक्षित औषध आहे. जिवाणूला पानावर पाण्याचा पापुद्रा लागतो. तो वाळला की त्याची गती थांबते. म्हणून पाणी सकाळी घालायचं, संध्याकाळपर्यंत पानांच्या बेचक्यात थेंब राहता कामा नये. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या गाभ्यात रात्रभर पाणी साचलं आणि गाभाच कुजला, तर ते झाड बहुधा गेलंच. क्वचित बुडाशी पिल्लू फुटतं, पण त्या आशेवर आजारी झाड चार निरोगी कुंड्यांच्या मध्ये ठेवणं मला मान्य नाही.

काही डाग सावकाश वाढतात, किंचित खोलगट असतात आणि त्यांत एकात एक वर्तुळं दिसतात. तो करपा. बागायतदारांच्या तोंडी हा शब्द रोज असतो, आणि ऑर्किडवर त्याला कोलेटोट्रिकम ही बुरशी कारण असते. पण ती बहुधा मागाहून येते. आधी पान उन्हाने भाजलेलं असतं, किंवा खताच्या क्षाराने टोक जळलेलं असतं, आणि त्या मेल्या भागावर ती घर करते. बुरशी खरी असते, तरी पहिला दोष तिचा नसतो. निव्वळ टोक काळं-तपकिरी होऊन थांबलं असेल तर आधी पाण्याचा विचार करा. बोअरवेलचं, टँकरचं जड पाणी आणि लेबलावर लिहिलं तेवढं खत, यांचे क्षार पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथेच साठतात. खत सांगितल्याच्या पाव भाग द्या आणि महिन्यातून एकदा कुंडी नुसत्या पाण्याने भरपूर धुऊन काढा. नारळाच्या सोडणांचे तुकडे वापरत असाल तर ते आधी पुष्कळ पाण्यात भिजवून धुवा, त्यांतही मीठ असतं.

आता मी ज्या लक्षणावर सर्वांत जास्त वेळ घालवतो, त्याकडे येतो. पान मऊ पडलं आहे, लोंबतं आहे, लांबीच्या दिशेने सुरकुत्या आल्या आहेत. डाग कुठेच नाही. माणूस म्हणतो, पाणी कमी पडलं, आणि रोज घालायला लागतो. इथे झाडं मरतात. सुरकुतलेलं पान एवढंच सांगतं की पानापर्यंत पाणी पोचत नाही. का पोचत नाही, ते पानावर लिहिलेलं नसतं. पाणी घातलंच नाही म्हणून पोचत नसेल. किंवा इतकं घातलं की मुळं कुजली आणि आता घेणारं कुणी उरलं नाही, म्हणूनही. दोन्हींत पान तंतोतंत सारखं दिसतं आणि उपाय एकमेकांच्या उलट. हा निवाडा फक्त मुळं करू शकतात.

म्हणून कुंडीतून झाड बाहेर काढा. भीती वाटते, पण ते सोसतं. ऑर्किडच्या मुळावर मेलेल्या पेशींचं जाड, सच्छिद्र आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं आणि पाणी पडलं की डोळ्यांदेखत हिरवं होतं, कारण त्या आवरणातून खालचा हिरवा भाग दिसायला लागतो. मुळाला दोन बोटांत धरून हलकेच दाबा. टणक लागलं तर जिवंत आहे, मग रंग थोडा मळकट असला तरी चालेल. बोटांत चेपलं, आणि ओढल्यावर वरचं आवरण पायमोज्यासारखं निघून आत नुसती दोरी राहिली, तर ते मेलं आहे. निम्म्याहून जास्त मुळं अशी निघाली, तर पानाच्या सुरकुत्यांचं कारण जास्तीचं पाणी होतं.

दुकानातून आलेल्या फॅलेनॉप्सिसबाबत एक नक्की पाहा. मुळांच्या गड्ड्याच्या मधोमध रोपवाटिकेतल्या शेवाळाचा घट्ट गोळा असतो. पॉलिहाउसच्या मोजलेल्या वाऱ्या-पाण्यात तो ठीक असतो. आपल्या पावसाळ्यात वरचं भरण कोरडं दिसतं आणि आत तो गोळा आठवडाभर ओला राहतो. वरून बोट लावून 'कोरडं आहे' असं ठरवणारा माणूस पुन्हा पाणी घालतो. फुलं संपली की तो गोळा बोटांनी सोडवून काढा, मेलेली मुळं कापा, आणि सालीचे मोठे तुकडे किंवा कोळसा घालून, भोकं असलेल्या कुंडीत झाड पुन्हा बसवा. सुरकुतलेली पानं पुरती पूर्ववत होतीलच असं नाही. नवं मूळ फुटलं आणि नवं पान ताठ आलं की जिंकलं म्हणायचं.

मुळांना हवा लागते, ही गोष्ट जगाने फार झाडं घालवून शिकली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात उष्ण प्रदेशांतून ऑर्किडं जाऊ लागली, तेव्हा ती सगळी सरसकट कोंदट, तापवलेल्या, दमट काचघरांत ठेवली जात. डोंगरमाथ्यावरचं असो की दलदलीकाठचं, सगळ्यांना एकच वाफ. झाडं मोठ्या संख्येने मेली. जोसेफ पॅक्स्टन हा चॅट्सवर्थच्या बागांचा मुख्य माळी. डेव्हनशायरच्या ड्यूकसाठी त्याने १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला भारतात पाठवलं, आणि गिब्सन १८३७ मध्ये खासी टेकड्यांतली ऑर्किडं घेऊन परतला. पॅक्स्टनने काचघरांत खेळती हवा आणली आणि मूळ प्रदेश पाहून वेगवेगळ्या झाडांना वेगवेगळं तापमान दिलं. झाडं जगू लागली. त्यांच्या पानांवर कुणी नवं औषध मारलं नव्हतं.

मुळांना हवा कशी लागते ते पाहायला आपल्याला खासी टेकड्यांत जावं लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत किंवा गोव्याच्या रानात सीतेची वेणी फुललेली पाहा. ऱ्हिन्कोस्टायलिस रेट्युसा हे तिचं शास्त्रीय नाव. आसामने तिला आपलं राज्यपुष्प मानलं आहे. मुळं सालीवर उघडी पसरलेली, काही नुसती हवेत लोंबणारी. कोसळत्या पावसात ती चिंब होते, आणि पाऊस उघडला, वारा सुटला की थोड्याच वेळात मुळं पुन्हा चंदेरी दिसतात. ती ओली राहत नाही, ओली होऊन वाळत राहते. पाहून या, पण फांदीवरून ओरबाडून घरी आणू नका. रानातली ऑर्किडं घरी सहसा तगत नाहीत, आणि गेलेली फांदी पुन्हा वसायला फार वर्षं लागतात.

सीतेच्या वेणीचं किंवा व्हँडाचं पान जवळून पाहिलंत तर आणखी एक गोष्ट कळेल. पानाचं टोक निमुळतं नसतं, कातरल्यासारखं वाकडंतिकडं असतं. कीड लागली म्हणून ही टोकं कापून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ती जन्मतःच तशी असतात. अशा निरोगी गोष्टींना रोग समजणं हीसुद्धा निदानातली मोठी चूक. फॅलेनॉप्सिसचं सर्वांत खालचं, एकच पान सावकाश पिवळं पडून गळतं, ते वयाने. आपल्या सह्याद्रीतलं डेंड्रोबियम बार्बाट्युलम पानं गाळून नुसत्या उघड्या कांड्यांवर पांढरी फुलं देतं. बाजारातलं डेंड्रोबियम नोबिलेही हिवाळ्यात पानं गाळतं. कांडं टणक असेल तर झाड जिवंत आहे, कुंडी फेकू नका. फुलांच्या दांड्यावर दिसणारे गोड, चिकट, स्वच्छ थेंब पुष्कळदा झाडाचेच असतात.

पुष्कळदा म्हणालो, कारण तसाच चिकटपणा पिठ्या ढेकूण आणि खवले किडीही सोडतात. फरक शोधायला पान उलटं करा. निम्मी कीड पानाच्या पाठीवर आणि बुंध्याच्या बेचक्यात असते, आणि आपण फोटो काढतो वरच्या बाजूचा. कापसासारखे पुंजके, किंवा नखाने उचकटणारे तपकिरी खवले दिसले, मुंग्यांची रांग लागलेली असली, चिकट जागी काजळी धरलेली असली, तर कीड आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसा आणि दर आठवड्याला पुन्हा पाहा, कारण अंडी राहतात. पानावर बारीक टोचे, चंदेरी छटा आणि भिंगातून हलणारे कण दिसले तर कोळी. तो कोरड्या हवेचा. पुण्यात, नागपुरात मार्च ते मेमध्ये येतो, आणि पानाची पाठ नियमित पाण्याने धुतली की पुष्कळसा आटोक्यात येतो.

विषाणूचं बोलायला मला आवडत नाही, पण टाळता येणार नाही. नव्या पानावर फिक्या-गडद पट्ट्या, पुढे काळे खोलगट चट्टे किंवा वर्तुळं, फुलांच्या रंगात फाटाफूट. सिंबिडियम मोझेक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभरच्या ऑर्किडांत सर्वांत जास्त सापडतात. त्यांची वर्णनं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली. त्यांच्यावर औषध नाही. कात्रीला लागलेल्या रसातून ते एका झाडातून दुसऱ्यात जातात, म्हणजे त्यांना पसरवणारे आपणच. डोळ्यांनी मात्र फक्त संशय घेता येतो. संसर्ग असलेली पुष्कळ झाडं काहीच लक्षण दाखवत नाहीत, आणि थंडीने किंवा क्षारानेही विषाणूसारखे चट्टे पडतात. खात्री प्रयोगशाळेतच होते. चाचणीत विषाणू ठरला तर झाड कितीही लाडकं असलं तरी नष्ट करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच दुखण्यातून घरोघरची ऑर्किडं आली, हे मला विलक्षण वाटतं. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने विषाणूने ग्रासलेल्या सिंबिडियमचा कोंबाच्या टोकाचा अगदी सूक्ष्म भाग, जिथे विषाणू सहसा पोचलेला नसतो, पोषक द्रव्यात वाढवला. त्याला निरोगी झाड हवं होतं. ते मिळालंच, शिवाय त्या तुकड्यापासून एकसारखी असंख्य रोपं करता येतात, हे उघड झालं. आज आपण काही शे रुपयांत फॅलेनॉप्सिसची कुंडी घेतो, तिचा रस्ता तिथून सुरू होतो.

औषधांबद्दल शेवटी बोलतो, कारण त्यांची जागा शेवटी आहे. कार्बेन्डाझिम करप्यासारख्या बुरशीवर काम करतं. फायटोप्थोरा आणि पिथियम खऱ्या अर्थाने बुरशीच नव्हेत, त्यांच्यावर ते चालत नाही, आणि जिवाणूवर तर नाहीच. म्हणजे काळ्या कुजीच्या झाडावर तुम्ही आठवडाभर कार्बेन्डाझिम मारत बसलात, तर तो आठवडा कुजीला मिळाला. ताम्रयुक्त औषध जिवाणूला रोखतं, पण डेंड्रोबियमला इजा करू शकतं. तेलाचा फवारा दुपारच्या उन्हात मारला तर पान भाजतं, आणि तो नवा चट्टा पुन्हा रोग म्हणून माझ्याकडे येतो. प्रतिजैविकं घरच्या कुंडीवर वापरूच नयेत. माणसांच्या आजारांत लागणारी औषधं गॅलरीतल्या चार कुंड्यांसाठी खर्च करून जिवाणूंना सराव करून देणं चूक आहे. आणि बंद फ्लॅटमध्ये, जिथे लहान मुलं वावरतात, तिथे फवारा मारण्याआधी त्या औषधाची खरंच गरज आहे का, हे स्वतःला विचारलंच पाहिजे.

व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं आहेत, आणि पुढेही आपण मला झाडं दाखवायला याल. तेव्हा एक विनंती. नुसता डागाचा फोटो आणू नका. पानाची पाठ, कुंडीतून काढलेली मुळं, आणि कुंडी जिथे ठेवता त्या जागेचा दुपारी दोनचा फोटो, असे तिन्ही आणा. डागाभोवती पेनाने रेघ ओढलेली असू द्या, शेजारी तारीख असू द्या. तोपर्यंत काहीही फवारू नका.